दुसरा ढोल

ओळंब्याचं टोक बोथट झालं होतं. कोटाच्या खिशात अंगठ्याने चाचपताना ते कळत होतं — पूर्वी टोचायचं, आता नुसतं लागत होतं. आणि त्याची दोरी तर कधीच कुजून गेलेली, तिच्या जागी जानसेतने लोकर ओवून ठेवली होती, निळी, कुठल्याशा स्वेटरच्या उरलेल्या गुंड्यातली. लोकरीला लोंबणारा ओळंबा घेऊन पाथरवट निघाला... दुसऱ्या कुणाच्या खिशात हे सापडलं असतं तर बिस्लान दोन दिवस हसला असता. आज ते गार पितळ मुठीत धरून तो उभा होता आणि पुढे तिकिटाच्या खिडकीशी त्याची मुलगी भांडत होती.

"हे माझे बाबा आहेत," नेफिन खिडकीतल्या माणसाला सांगत होती. "आतले सतरा खांब यांनी उभे केलेत. आणि त्यांनाच तिकीट?"

"खांबांना तिकीट नाही, बाई. माणसांना आहे," तो म्हणाला.

"फाड रे बाबा तीन तिकिटं," जानसेत मागून म्हणाली. "दगड बघायला पैसे मोजायचे, तेवढंच राहिलं होतं माझं आयुष्यात."

जानसेत बिस्लानची थोरली बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, आणि नेफिनची आई गेल्यापासून घराची मालकीण. ओढ्याच्या पलीकडे, जॉर्डनमधल्या जेराशच्या नव्या गावात, आजोबांनी बांधलेल्या घरात ती जन्मली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तिला हे खांब दिसत आले, भांडी घासताना, भाजी चिरताना. पण ओढा ओलांडून ती इकडे शेवटची आली होती तेव्हा तिच्या डोक्याला पांढरा केस नव्हता. घराचा उंबरा या जुन्या रोमन शहराच्या अवशेषांतलाच एक कोरीव दगड होता. आजोबा कॉकेशसातून बैलगाडीने आले तेव्हा इथे कुणी राहत नव्हतं, दगड तयार पडलेले होते, त्यांनी उचलले. नेफिन विद्यापीठात गेल्यापासून त्या उंबऱ्यावरून चालताना लंगडी घातल्यासारखी त्याला टाळून जायची, आणि जानसेत मुद्दाम त्याच्यावर बसून घेवडा निवडायची.

सतरा नव्हेत, सोळा. बिस्लानने मनातल्या मनात दुरुस्त केलं. सतरावा त्याने उभा केला होता खरा, पण तो मोजायचा की नाही याचा निवाडा त्याने एकोणतीस वर्षं केला नव्हता.

शुक्रवार होता, मार्च संपत आलेला. दक्षिणेच्या वेशीतून आत शिरल्यावर ते लंबगोल अंगण उघडलं आणि बिस्लानची पावलं आपोआप मंदावली, मशिदीत चप्पल काढताना मंदावतात तशी. चौदा वर्षं झाली, निवृत्तीनंतर तो इथे फिरकला नव्हता. गुडघ्यांचं कारण सांगायचा. अंगणात कुटुंबंच्या कुटुंबं पसरली होती, कुणी सतरंजीवर, कुणी नुसतंच उन्हात. वरच्या नाट्यगृहात लष्करातले निवृत्त शिपाई काखेत पिशवी दाबून वाजवायचं ते वाद्य वाजवत होते आणि त्याचा आवाज खाली येईस्तोवर अर्धा विरत होता. बिस्लानची नजर मात्र खाली, फरशीवर. या अंगणाची एकही बाजू सरळ नाही. प्रत्येक फरशी दुसरीपेक्षा केसभर वेगळ्या कोनात तासलेली, बाहेरच्या ओळी मोठ्या वळणाच्या, आतल्या लहान वळणाच्या, आणि तरी कुठे ठिगळ नाही, कुठे कपची घालून भरलेलं नाही... कसं केलं असेल रे बाबांनो? दोरी कुठे रोवली, मध्य कुठे धरला? तीस वर्षं दगड फोडला मी. मला सांगितलं असतं तर मी चौकोनी अंगण करून मोकळा झालो असतो.

"बाबा, चला ना," नेफिन म्हणाली. "इथेच उभे राहिलात तर खांबापाशी सावली येईल. मला बाराच्या आत फोटो हवाय."

"अगं, त्याला दगड चाटू दे थोडा वेळ," जानसेत म्हणाली. "चौदा वर्षांचा उपास आहे."

फोटो हवा होता प्रबंधाच्या पहिल्या पानासाठी. परवा, रविवारी, नेफिन तो विद्यापीठात देणार होती. साडेतीन वर्षांचं काम: या शहरातल्या मोठ्या रस्त्यावरचे खांब वर जाताना कसे आणि का निमुळते होत जातात. पहिल्या पानावर बाबांचा फोटो, खांबावर हात ठेवलेला, खाली ओळ — ज्यांच्या हातांकडून मी दगड वाचायला शिकले. ती ओळ तिने त्याला वाचून दाखवली होती, पंधरा दिवसांपूर्वी, जेवताना. कॉकेशसातून आलेल्या आमच्या चेर्केस लोकांत बाप मुलांचं कौतुक तोंडावर करत नाही आणि आपलं कौतुक मुलांच्या तोंडून ऐकूनही घेत नाही; बिस्लानने मीठ मागितलं. नेफिनने मीठ दिलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही, आयुष्यभर तेच बघत आलेली.

खरं तर त्या रात्री तो अर्ध्या ताटावरून उठला होता. कारण ओळ वाचण्याआधी तिने चौथं प्रकरण समजावून सांगितलं होतं, चमच्याने टेबलावर रेघा ओढत. सगळे खांब खालून वर बारीक होत जातात, हे कुणीही सांगेल. पण एक खांब, बाबा, पश्चिमेच्या ओळीतला तुमचा खांब, त्याच्यात काहीतरी निराळं आहे. त्याचा दुसरा ढोल — खांबाचे जे गोल तुकडे एकावर एक रचतात त्यांना इथले कामगार ढोल म्हणतात — तो दुसरा ढोल वर जाताना बारीक होत नाही. रुंद होतो. बोटभरसुद्धा नाही, अर्धं बोट; आणि वरच्या सांध्यापाशी येता येता अलगद आत वळतो. पोट आहे त्याला. मी लेझरने चारदा मोजलं. बाबा, ही चूक नाही, ही युक्ती आहे. रस्त्यावरून बघणाऱ्याच्या डोळ्याला लांबचा खांब मध्ये खचल्यासारखा दिसतो, तो तसा दिसू नये म्हणून त्यांनी तिथे पोट दिलं. एवढ्या बारकाईने हे या गावात कुणी केलेलं आजवर नोंदलेलंच नाही!... आणि मग तिने विचारलं, "लावताना तुम्हाला पोट दिसलं होतं का?"

"दिसलं होतं," बिस्लान म्हणाला होता.

शब्द खरा होता. त्या एका खऱ्या शब्दाने पंधरा दिवस त्याची झोप घालवली.

आता ते मोठ्या रस्त्याला लागले होते. फरशांमध्ये गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, दोन्ही बाजूंना खांब, खांबांच्या पायथ्याशी लाल फुलं आणि गुडघ्याएवढी हिरवी मोहरी. थोरल्या माणसाच्या डावीकडून चालायची रीत, म्हणून तो जानसेतच्या डावीकडे आणि नेफिन त्याच्या डावीकडे; पण नेफिनला धीर कुठला, ती दहा पावलं पुढे जायची, काहीतरी बघायची, परत येऊन आपल्या जागी चालायला लागायची. वेशीशी विकत घेतलेले हिरवे बदाम तिच्या ओंजळीत होते आणि ती ते मिठात बुडवून कचाकच खात होती. तिची मान बिस्लान मागून बघत होता. डोळे बारीक करून, मान थोडी डावीकडे कलती करून ती खांबाकडे बघायची, आणि ते त्याचंच बघणं होतं, अगदी हुबेहूब, जणू त्याची मान काढून तिला बसवली होती. अर्धं बोट! भूकंपात पडलेले खांब पुन्हा उभे करणाऱ्या मोहिमेवरचे तज्ज्ञ आले नि गेले, पाहुणे आले, मंत्री आले, एकोणतीस वर्षांत एकाच्याही डोळ्याला जे दिसलं नाही ते या पोरीने हेरलं. लेझर नंतर; आधी डोळ्यानेच खटकलं असणार तिला. अभिमान वाटला त्याला, आणि त्याच श्वासात लाज वाटली.

तो खांब उभा केला त्या दिवशी रमझान होता, थंडीतला. दुपारपासून पाऊस यायच्या बेतात होता. क्रेन अम्मानहून भाड्याने आणलेली, संध्याकाळी परत जायची. बिस्लान तेहतीस वर्षांचा, पाथरवटांचा मुकादम, त्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय साखळी सुटायची नाही. दुसरा ढोल बुडाची माती खरवडायला उलटा केला होता, तो तसाच राहिला. दोन्ही टोकांना खिळ्याची भोकं, दोन्ही टोकांच्या रुंदीत फरक केवढा तर अर्धं बोट... मोजायचं होतं. मोजपट्टी खिशात होती. पण सूर्य टेकलेला, सगळ्यांची तोंडं सुकलेली, गावातून मसुराच्या आमटीचा वास येत होता, क्रेनवाला सारखं घड्याळ बघत होता — आणि बिस्लान साखळीवर हात ठेवून म्हणाला, बरोबर. ढोल बसला. त्यावर तिसरा. सांध्यात शिसं ओतलं. आणि अजान झाली तशी सगळी माणसं खजुरांच्या डब्याकडे धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ओळंबा सोडला — हाच — आणि दोरी जिथे मोकळी लोंबायला हवी होती तिथे दगडाला टेकली. ढोल उलटा होता. रुंद बूड वर. तिसऱ्या ढोलाच्या खाली सगळीकडून अर्ध्या बोटाचा ओठ बाहेर आलेला. खालच्या सांध्याची चिंता नव्हती. पहिल्या ढोलाची वरची कड भूकंपात पडताना ठेचून गोल झालेली, तिथे काहीच कळत नव्हतं. पण वरचा ओठ... सांगायचं होतं. मोहिमेचे मुख्य तंबूत होते, पन्नास पावलांवर. काय झालं असतं? चार शब्द बोलले असते. क्रेन पुन्हा आणावी लागली असती, शिसं वितळवून काढावं लागलं असतं, सहा दिवसांनी व्हायचा समारंभ पुढे गेला असता. कुणी मेलं नसतं. पण बिस्लान चुकतो, हे त्या दिवसापर्यंत कुणी म्हटलं नव्हतं. आणि ते पहिल्यांदा म्हटलेलं ऐकायची त्याची छाती झाली नाही.

सलग पाच दिवस दुपारी, उपाशी माणसं आडोशाला झोपलेली असताना, तो परांचीवर चढला आणि त्याने तो ओठ तासला. बारीक दाताच्या छिन्नीने, हातोडीवर फडकं गुंडाळून. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याने तो दगड घडवला त्याच्या हाताचा शेवटचा थर... तो भुकटी होऊन बिस्लानच्या पापण्यांवर बसत होता. वर एक वीतभर तासून त्याने ढोल असा आत वळवला की सांधा सांध्याला मिळाला, बोट फिरवलं तरी अडेना. काम सुंदर झालं होतं. तेच तर वाईट होतं, की ते करताना त्याचे हात सुखावले. नवा कापलेला दगड पांढरा दिसतो, म्हणून त्याने घरून काळा चहा नेला, त्यात लाल माती कालवली आणि फडक्याने थापली, तीनदा. समारंभाच्या दिवशी मोहिमेच्या मुख्यांनी या खांबासमोर उभं राहून सांगितलं की सगळ्या ओळीत हा सर्वांत सफाईदार बसला आहे. त्याचा फोटो घरात टांगलेला आहे. फोटोत बिस्लान खाली बघतो आहे, आणि लोकांना वाटतं की केवढा विनय.

"इथे बसू," जानसेत म्हणाली. "माझे पाय आता सरकारजमा झाले."

रस्त्याच्या कडेला छज्ज्याचा एक मोठा तुकडा पालथा पडलेला होता, त्याच्या सावलीत तिने चादर अंथरली. डब्यातून हलिवा निघाले, चीज भरून तळलेले, अजून कोमट, थर्मासमधून चहा. नेफिन आत्याच्या मांडीला टेकून बसली. बिस्लान जरा अंतर सोडून, दगडाला पाठ लावून. जानसेत असताना तो नेहमीच नेफिनपासून जरा अंतर सोडून बसायचा. त्याच्या वडिलांसमोर तर तो तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. तिचा जन्म त्याच थंडीतला, खांबाच्या आधी दीड महिना, आणि घरात वडील, चुलते, दिवसभर म्हातारी माणसं बसलेली, त्यांच्यादेखत स्वतःचं मूल उचलून घेणं म्हणजे निर्लज्जपणा. तान्ही पोर पाळण्यात रडायची आणि तो पाळण्याशेजारून बूट शोधायला जायचा. एकदा, ती चार-साडेचार वर्षांची असेल, अंगणात त्या कोरीव उंबऱ्यावरच पडली, गुडघा फुटला, रक्त आलं. ओसरीवर पाहुणे होते. ती त्याच्याकडे बघत होती. रडतही नव्हती, नुसती बघत होती, हा उठतोय का. तो उठला नाही. जानसेत धावत आली आणि तिला उचलून आत घेऊन गेली... पाहुण्यांत त्या वेळी पिकाविषयी बोलणं चाललं होतं, आणि मी म्हणालो होतो की यंदा बार्ली बरी आहे.

"हे काय गं?" जानसेत म्हणाली. हलिवा धरलेल्या हाताने ती छज्ज्याच्या कडेकडे दाखवत होती. तिथे कोरीव अंड्यांची ओळ होती, अंडं, बाण, अंडं, बाण, एकसारखी, टपोरी, आणि तुकड्याच्या टोकाशी शेवटचं अंडं अचानक अर्ध्या रुंदीचं, चेपून उभं केल्यासारखं.

"जागा संपली त्याची," नेफिन हसत म्हणाली. "डावीकडून कोरत आला, मापं घेतली नाहीत, आणि कोपऱ्याशी येऊन अडकला."

"माझ्या पहिल्या स्वेटरचा गळा असाच झाला होता. तुझ्या आजीने उसवायला लावला." जानसेतने वाकून त्या अंड्यावर बोट फिरवलं, मायेने. "याला कुणी उसवायला लावलं नाही वाटतं?"

"दगड कसा उसवणार, आत्या? आणि हे होतं चाळीस फुटांवर. खालून कुणाला दिसणार?"

"दिसलं की. भूकंपाने आणून माझ्या ताटाशी ठेवलं. आता अख्खी दुनिया तिकीट काढून बघतेय बिचाऱ्याला."

दोघी हसल्या. बिस्लान हे अंडं ओळखून होता. मोहिमेवरची पोरं त्याला 'लंगडं अंडं' म्हणायची, नव्या कामगाराला पहिल्या दिवशी ते शोधायला लावायची. शंभरदा बघितलं होतं. पण आज कपातला चहा निवत गेला आणि त्याची नजर तिथून हलेना. शेजारची चार अंडी बारीक करून त्याला ही कमी वाटून घेता आली असती. बाण तासता आला असता. झाकायचे दहा मार्ग होते, आणि ज्या हाताने ती आधीची अंडी कोरली त्या हाताला ते दहाही येत असणार, काय गोलाई आहे एकेकाची, ऊन त्यांच्यावर थांबतंय. मग त्याने झाकलं का नाही? दिसणार नाही म्हणून? की घाई, की कंटाळा... की संध्याकाळी खाली उतरून तो मुकादमाला म्हणाला असेल, शेवटचं अंडं चेपलंय माझं, आणि मुकादम म्हणाला असेल, बरं, उद्या पुढचा दगड घे? बिस्लानला ते कळायला मार्ग नव्हता. एवढंच कळत होतं की तो माणूस आपलं चुकलेलं अंडं तसंच ठेवून जेवायला घरी गेला, आणि ते अंडं खरं होतं. ज्याला मोजायचं असेल त्याने मोजावं, ते खोटं बोलणार नाही. आणि या पोरीने चार वेळा मोजला तो माझा ढोल...

त्याला त्या माणसाचा हेवा वाटला. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या, नावगाव नसलेल्या माणसाचा हेवा.

"बाबा, चहा सांडतोय," नेफिन म्हणाली.

सांगितलं तर? परवाचा रविवार जाईल. चौथं प्रकरण जाईल, आणि त्याच्यावर उभं केलेलं पाचवं. लोक म्हणतील, बापाने केलेला घोटाळा मुलीने शोध म्हणून लिहिला. पहिल्या पानावरचा फोटो जाईल, भिंतीवरचा जाईल. तिच्या डोळ्यांत... उंबऱ्यावर पडली होती तेव्हाचे डोळे. आणि नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. पुस्तक निघेल. इथून पुढे जो कुणी हे शहर शिकेल तो वाचेल की प्राचीन कारागिरांनी दुसऱ्या ढोलाला पोट दिलं होतं, आणि त्या लंगड्या अंडेवाल्याच्या नावावर बिस्लान पाथरवटाची लबाडी कायमची चढेल. नेफिनच्या सहीने.

पुढे खांब दिसायला लागला तेव्हा त्याने आधी त्याला दुरून बघितलं, जुन्या ओळखीच्या माणसाला बघावं तसं, आणि — काय सांगावं — खांब सुंदर होता. त्याच्या पापासकट सुंदर होता. सकाळचं ऊन सरळ अंगावर घेऊन, ओळीतल्या बाकीच्यांबरोबर, मधाच्या रंगाचा. त्या जुन्या कारागिरांनी आखलेली ओळच अशी होती की तिच्यात एक उलटा दगडसुद्धा खपून गेला. जवळ गेल्यावर मात्र त्याला ते दिसलं जे त्याने बघायचं टाळलं होतं चौदा वर्षं. सगळ्या ढोलांवर दगडफूल चढलेलं होतं, नारिंगी, करडं, चकत्या चकत्यांनी. पहिल्यावर, तिसऱ्यावर, दुसऱ्याच्या बहुतेक उंचीपर्यंत. पण दुसऱ्याच्या वरच्या वीतभर पट्ट्यावर एकही चकती नव्हती. पट्टा मधाच्याच रंगाचा होता, चहाने आणि उन्हाने आपलं काम चोख केलं होतं, फक्त तिथे काही उगवलं नव्हतं. एकोणतीस वर्षं दगडफुलाला पुरी पडली नव्हती. तिच्या लेझरला ते दिसणार नाही. तिला दिसेल, आज ना उद्या.

"इथे उभे राहा. बैठकीच्या दगडावर चढा. हां. हात वर, दुसऱ्या ढोलावर," नेफिन फोन डोळ्यांसमोर धरून मागे सरकत म्हणाली. "पोटावर ठेवा हात. थोडं हसा तरी."

"तो हसला तर फोटो खोटा वाटेल," जानसेत म्हणाली.

बिस्लानने हात वर केला. तळवा दगडावर टेकला आणि बोटं आपसूक सांध्याकडे सरकली, वरच्या कडेला, जिथे छिन्नीचे दात त्याने शेवटी रेतीने घासून बुजवले होते. बुजले नव्हते. बोटांना लागत होते. डोळ्याला चकवलं होतं, बोटांना चकवता आलं नव्हतं. बारीक बारीक समांतर रेघा, दोन दातांच्या मधल्या अंतराच्या, पोलादी छिन्नीच्या. त्या जुन्या कारागिरांकडे असली छिन्नी नव्हती. हे ज्याने कधी दगड घडवलाय त्याला एका क्षणात कळेल. आणि जिने त्याच्या हातांकडून दगड वाचायला...

"नेफिन," तो म्हणाला. "इकडे ये."

"फोटो काढते ना आधी."

"फोटो राहू दे. वर चढ."

आवाजात काहीतरी असावं. ती फोन खाली घेऊन आली, बैठकीच्या दगडावर चढली, त्याच्या शेजारी, आणि तिथे जागा इतकी थोडी होती की तिचा खांदा त्याच्या छातीला लागला. खाली जानसेत उभी होती, त्याची थोरली बहीण, हातात थर्मास. बिस्लानने मुलीचं मनगट धरलं. धरलं म्हणजे सरळ मुठीत घेतलं, भर उन्हात, बहिणीदेखत. त्या मनगटाचं हाड केवढं लहान आहे हे त्याला ती एकोणतीस वर्षांची झाल्यावर कळलं. नेफिन दचकली. त्याने तिचा हात वर नेला, बोटं उलगडली आणि एकेक करून त्या कडेवर ठेवली.

"डोळे मीट," तो म्हणाला. "आणि मला सांग, हे कुणी तासलंय."

जानसेतने एकदा वर बघितलं. मग, आपल्या लोकांत अशा वेळी थोरल्याने करायचं असतं तसं तिने पाठ फिरवली आणि रस्त्याच्या पलीकडच्या खांबांकडे तोंड करून ती उभी राहिली, जणू तिला कधी नव्हे ती दगडांची गोडी लागली होती.

नेफिनने डोळे मिटले होते. तिची बोटं डावीकडे गेली, थांबली, परत उजवीकडे आली. पुन्हा गेली. कपाळावर एक आठी उमटली, त्याला ओळखीची, त्याच्याच कपाळावरची. वरून त्या वाद्याचा आवाज येत होता, तुटक. आता तिला कळेल, आत्ता, या सरकण्यात नाही तर पुढच्या. पंधरा दिवस तो ज्या चेहऱ्याच्या भीतीने जागला होता तो चेहरा आता वीतभर अंतरावर होता. पण भीती कुठे सापडेना. साखळीवर दगड उतरत असताना खाली उभ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, फक्त हात दगडाला लावून तो जिथे चाललाय तिथे त्याच्याबरोबर जायचं असतं, तेवढंच त्याला सुचत होतं. तिची बोटं थांबली. पापण्या अजून मिटलेल्याच होत्या. सोडायचा का हात, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याने मनगट अजून जरा घट्ट धरलं.